स्थिरीकरण तळ्याचे साहेब

आमच्या साहेबांच्या राज्यात कुठलीही गोष्ट कधी बिघडली नाही. पंप जळाला तर तो 'विश्रांतीवर' असायचा. पाइप फुटून रस्त्यावर ओढा वाहायला लागला तर 'वितरण व्यवस्थेचा अनपेक्षित विस्तार' झालेला असायचा. ठेकेदार काम अर्धवट टाकून गायब झाला तर काम 'आत्मपरीक्षणाच्या टप्प्यात' पोचायचं. आणि एखाद्या गावाला पाणीच आलं नाही, तर ते 'प्रस्तावित' असायचं. हा शब्द साहेब इतक्या मायेनं उच्चारायचे की समोरच्याला अर्धा पेला प्यायल्यासारखं वाटे.

"अरे," ते मला समजावून सांगायचे, "माणसाला पाणी न्हाई म्हणलं की तो भांडतो. पाणी प्रस्तावित हाय म्हणलं की तो थांबतो. यालाच इंजिनिअरिंग म्हणतात."

मी नुकताच कनिष्ठ अभियंता म्हणून जालन्याला रुजू झालो होतो आणि ते माझे उपअभियंता. परतूरकडचे, उंच, सडपातळ, मिशांना काळाभोर रंग आणि खिशाला पेनांची ओळ. कॉलेजात मला जे इंजिनिअरिंग शिकवलं होतं ते त्यांनी पहिल्याच महिन्यात धुऊन काढलं. कोणत्याही गावात गेले की ते आधी पाण्याच्या टाकीखालच्या खांबाशी जायचे, छाती तपासणाऱ्या डॉक्टरसारखे बोटांच्या पेरांनी ठकठक करायचे, कान लावायचे आणि जाहीर करायचे, "प्रकृती उत्तम." खांब ठोकून टाकीचं काय कळतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. टाकी बहुतेक वेळा रिकामी असायची आणि रिकाम्या टाकीची प्रकृती बिघडणार तरी कशी?

तक्रारी ऐकण्याची त्यांची एक पद्धत होती. आमच्याकडं मोसंबीला तोटा नाही. गावात गेलं की कोणीतरी मोसंबी पुढं करायचंच. साहेब एक मोसंबं घ्यायचे, सावकाश सोलायचे, एकेक फोड तोंडात टाकत समोरच्याचं गाऱ्हाणं ऐकायचे. मोसंबं संपलं की तक्रार संपली. हात रुमालाला पुसत म्हणायचे, "नोंद झाली." जुन्या मंडळींना हे माहीत झालं होतं. ते साहेबांसाठी मुद्दाम मोठं मोसंबं निवडून आणायचे.

त्यांची ही भाषा एकाच ठिकाणी चालत नसे, ती म्हणजे त्यांच्या घरी. जालना शहरात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं. एकदा मी सही घ्यायला घरी गेलो, तर पाणीपुरवठा विभागाचे उपअभियंता गच्चीवर रिकाम्या ड्रममध्ये डोकं घालून उभे होते. खालून वहिनींचा आवाज आला, "प्रस्तावित-बिस्तावित मला सांगू नका. पाणी हाय का न्हाई, एवढंच बोला." ड्रममधून घुमल्यासारखं उत्तर आलं, "न्हाई." त्यांच्या तोंडून हे उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढं ती कर्जाची योजना आली. खेड्यांना पाणी द्यायचं आणि वापरलेल्या पाण्याची विल्हेवाटही लावायची, अशी जोडयोजना होती. पैसे सरकार कर्जाऊ देणार आणि गावानं ते पाणीपट्टीतून फेडायचे. पहिला हप्ता पाण्याला, दुसरा सांडपाण्याला. "कर्ज म्हणू नको," साहेबांनी ग्रामसभेआधी मला बजावलं. "परतीच्या जबाबदारीसह साहाय्य म्हण." ग्रामसभेत ते एवढ्या गोडीनं बोलले की लोकांनी हात वर केले. फक्त मागं उभ्या असलेल्या कौसाबाईंनी विचारलं, "म्हंजी कर्जच ना?" साहेबांनी मोसंबं सोलायला घेतलं.

ही ग्रामसभा झाली ते गाव राजूरच्या रस्त्यावरून आत गेलं की लागतं. गावात कौसाबाईंच्या चार म्हशी आणि त्याहून धारदार त्यांची जीभ. नवरा गेलेला, मुलगा ट्रकवर, घरात सून. गावाच्या अगदी खालच्या गल्लीत त्यांचं घर. योजनेचं पाणी वरच्या गल्ल्यांना एक दिवसाआड यायला लागलं. खालच्या गल्लीत नळ बसले, नळांना चकचकीत तोट्या बसल्या, पाणी मात्र तिथवर पोचेना, कारण शेवटच्या टप्प्याचा पाइप ठेकेदारानं टाकलाच नव्हता. साहेबांच्या भाषेत ती गल्ली 'अंतिम टप्प्यात' होती. तिथले लोक पूर्वीसारखंच जुन्या विहिरीवरून पाणी आणायचे.

सांडपाण्याचं तर कोणी नावच काढत नव्हतं. टाकीवर नाव लिहिता येतं, नळाची तोटी सोडताना फोटो काढता येतो. गटारीपाशी फोटोला कोण उभं राहणार? ठेकेदारानं वरच्या आळीत थोडी नाली केली, बिल काढलं आणि ते काम आत्मपरीक्षणाला लावून दिलं. वरच्या गल्ल्यांना आलेलं नळाचं पाणी भांडी घासून, अंघोळी करून, गोठे धुऊन उताराने खाली वाहायचं आणि गावाखालच्या खोलगट जागी साठायचं. पूर्वी ती जागा दिवाळीनंतर कोरडी पडायची. योजनेच्या कृपेनं आता ती बारमाही झाली. कौसाबाईंच्या म्हशी दिवसभर तिथं गळ्याइतक्या पाण्यात डोळे मिटून बसायच्या. आख्ख्या योजनेचे समाधानी लाभार्थी म्हणाल तर तेवढेच.

अशात निरोप आला की कर्ज देणाऱ्यांचं पथक सांडपाण्याचं काम बघायला येतंय. दुसऱ्या हप्त्याची उरलेली रक्कम त्यावर अवलंबून होती. आम्ही आदल्या दिवशी सकाळी गावात पोचलो. मी पार घाबरलो होतो. साहेब त्या खोलगट जागेच्या काठावर उभे राहिले, गॉगल काढला आणि मला म्हणाले, "समोर काय दिसून राह्यलं?"

"डबकं, साहेब."

"नीट बघ."

"म्हशी बसलेलं डबकं."

साहेबांनी माझ्याकडं अशा दयेनं बघितलं की मला माझ्या पदवीची लाज वाटली. "सांडपाणी येतं. थांबतं. गाळ खाली बसतो. वरून ऊन लागतं. याला पुस्तकात काय म्हणतात?"

"स्थिरीकरण तळं," मी कसंबसं म्हणालो.

"मंग जल्दी बोर्ड रंगवून आण."

दुपारपर्यंत निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात 'सांडपाणी स्थिरीकरण तळे' असं झळकलं. काठाला चुना मारला. राहिल्या म्हशी. साहेब स्वतः कौसाबाईंकडं गेले.

"बाई, उद्याच्या दिवस म्हशी घरी बांधा."

"का बरं?"

"मुंबईचे साहेब येऊन राह्यले."

"मंग येऊ द्या की. म्हशी काय त्यांला खात्यात?" कौसाबाईंनी शेणाचा हात झटकला. "या उन्हात जनावर घरी बांधलं तर बसंल का? दूध आटलं तर भरून देता का तुमी?"

साहेबांनी खूप गोड बोलून पाहिलं. उपयोग झाला नाही. परत येताना मी म्हणालो, "आता काय करायचं?" साहेब थोडं चालले, थांबले आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं तेज आलं. "राहू दे म्हशी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. त्यात पुढं एक मोठ्या अधिकारी बाई होत्या, पांढरी सुती साडी, डोक्यावर टोपी. त्यांनी पाटी वाचली, चुना बघितला आणि मग पाण्यातल्या चार काळ्या डोक्यांकडं बोट केलं. "या म्हशी?"

"जैविक ढवळणी, मॅडम," साहेब तितक्याच गांभीर्यानं म्हणाले. "यंत्राने पाणी ढवळायचं तर वीज लागते, खर्च येतो. इथं स्थानिक साधनांतून पाण्यात हवा मिसळली जाते. शिवाय लोकसहभाग."

तेवढ्यात एका म्हशीनं, देव तिचं भलं करो, कूस बदलली आणि पाणी खरंच ढवळलं गेलं. मॅडम भारावून गेल्या. त्यांनी ते लिहून घेतलं, म्हशींचे फोटो काढले आणि कौसाबाईंना जवळ बोलावून विचारलं, "तुमचाही सहभाग आहे यात?"

"माझा कशाला? म्हशींचा हाय," कौसाबाई म्हणाल्या. सगळे हसले.

हप्ता सुटला, आणि गाव आदर्श ठरलं. इतर जिल्ह्यांतले सरपंच, ग्रामसेवक, अभियंते गाड्या भरभरून आमचं तळं बघायला यायला लागले. सरपंचांनी नवी बंडी शिवली. साहेबांना ठिकठिकाणी व्याख्यानाला बोलावणी आली. 'ग्रामीण सांडपाणी व्यवस्थापनात पशुधनाची भूमिका' या विषयावर ते तासभर बोलायचे आणि लोक वहीत उतरवून घ्यायचे. मला वाटतं, त्या काळात साहेबांचा स्वतःचाही त्या तळ्यावर विश्वास बसला होता. काठावर उभे राहिले की आवाज जरा भरून यायचा.

कौसाबाईंचं मत मात्र बदललं नव्हतं. पाहुण्यांच्या देखत त्या म्हणायच्या, "कर्ज आमी फेडून राह्यलो, अन् तारीफ म्हशींची." पाहुण्यांना वाटायचं, बाई फार विनोदी आहेत.

पावसाळा लागला तेव्हा आदर्श गावातली खालची गल्ली आजारी पडली. आधी दोन घरं, मग जवळजवळ सगळीच. उलट्या, जुलाब. तळं भरून वाहिलं होतं आणि त्याचं पाणी जुन्या विहिरीत झिरपलं होतं. विहीर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. हे आम्हाला दोघांनाही दिसत होतं, रोज दिसत होतं, पण आमच्याकडं विहिरीसाठी शब्द नव्हता म्हणून आम्ही तिच्याकडं बघायचो नाही.

आम्ही भर दुपारी दवाखान्यात पोचलो. खाटा भरल्या होत्या, व्हरांड्यात सतरंज्या टाकून माणसं झोपवली होती. एका कोपऱ्यात कौसाबाईंची सून. दिवस गेलेले होते तिला. हाताला सलाईन, ओठ कोरडे पडलेले, डोळे आत गेलेले. कौसाबाई बाटली बघत शेजारी बसल्या होत्या. कोणीतरी सवयीनं साहेबांपुढं खुर्ची सरकवली. साहेब बसले नाहीत.

कौसाबाईंनी मान वर केली. मला वाटलं आता शिव्या बसणार. पण त्या अगदी शांतपणे बोलल्या.

"सायेब, तुमाला समद्याची नावं ठावं हायेत. ह्याला काय म्हनत्यात, सांगा बरं."

साहेबांचे ओठ हलले, म्हणजे सवयीनं एखादा शब्द तोंडापर्यंत आला असावा, पण बाहेर पडला नाही. मग ते सरळ जिना उतरून खाली गेले. मी मागोमाग गेलो तर गाडीच्या टायरला टेकून उकिडवे बसले होते. पेनं खिशातून खाली पडली होती, ती तशीच पडलेली.

सून वाचली. पोटातलं मात्र राहिलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात शेजारच्या जिल्ह्यातून ठरलेली सहल आली. सरपंचांनी सहल रद्द करू दिली नाही, गावाच्या इज्जतीचा प्रश्न होता. हार आले, चहा झाला, पाहुणे तळ्याच्या काठाला उभे राहिले. साहेब पुढं झाले आणि म्हणाले, "हे तळं न्हाई. हे डबकं हाय. यात म्हशी बसतात. या पाण्यानं खालची गल्ली दवाखान्यात गेली. बोर्ड आम्ही एका दुपारीत रंगवला."

मग पाहुण्यांतला एक जण हसला, दुसरा हसला आणि बघता बघता टाळ्या पडल्या. एवढा मोठा माणूस आणि स्वतःच्या कामाबद्दल किती नम्रपणे बोलतो! एका ग्रामसेवकानं तर वहीत लिहून घेतलं. साहेब कळवळून म्हणाले, "अहो, खरं बोलून राह्यलो मी," तर टाळ्या वाढल्या.

मग साहेब मला घेऊन थेट वरिष्ठांच्या दालनात गेले. जे झालं ते सगळं सांगितलं, बोर्डापासून विहिरीपर्यंत. वरिष्ठ शांतपणे ऐकत होते. त्यांनी मोसंबं मात्र घेतलं नव्हतं, एवढंच.

"हे बघा," ते शेवटी म्हणाले, "तिथं डबकं असेल तर कर्जाचा हप्ता कशावर खर्च झाला, असा प्रश्न येतो. तळं असेल तर कुठलाच प्रश्न येत नाही. म्हणजे ते तळंच आहे. बरोबर?"

"सर, माणसं आजारी पडली."

"पावसाळ्यात पडतात. तुम्ही थकलात. थोडी रजा घ्या."

आणि जे तळं नव्हतंच ते बांधून द्या, अशी मागणीही करता येईना. कारण जे कागदावर उभं आहे ते पुन्हा बांधायला सरकार कर्ज देत नाही. स्वतः साहेबांनीच ते इतकं पक्कं बांधून ठेवलं होतं. गावातही साहेबांची किंमत उतरली. सरपंच त्यांना बघून तोंड फिरवायचे. आदर्श गावाला डबकं म्हणणारा माणूस कोणाला आवडेल?

साहेब रजेवर गेले. परत आले तेव्हा मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. टेबलाशी बसून राहायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. निवृत्ती जवळ आलेली. मला वाटलं, माणूस संपला. एक दिवस मात्र ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"असलेलं तळं परत बांधता येत न्हाई, बराबर?"

"हो साहेब."

"पण वाढवता येतं."

मी वर बघितलं. जुनं तेज नव्हतं त्या चेहऱ्यावर. फक्त घाई होती.

प्रस्ताव त्यांनी स्वतः तयार केला. 'अस्तित्वातील स्थिरीकरण तळ्याचे विस्तारीकरण, बळकटीकरण व सुरक्षित अंतरावर स्थलांतरण.' सोबत 'अंतिम टप्प्यातील जलवाहिनीचे पुनरुज्जीवन', म्हणजे जी कधी जन्मालाच आली नव्हती तिचं. वरिष्ठांनी वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. कोणी खोटं बोललं नव्हतं, कुठला हप्ता वाया गेला नव्हता, आदर्श गाव आणखी आदर्श होणार होतं. मंजुरी इतक्या लवकर आली की साहेबांनाच थोडा राग आला. "खरं सांगायला गेलो तर रजा दिली," ते पुटपुटले, "अन् याला सही."

काम मात्र त्यांनी खरं करून घेतलं. बूट खराब होतात म्हणून चिखलात न उतरणारा हा माणूस पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चराच्या तळाशी उभा असायचा. पाइपचा सांधा हातानं चाचपून बघायचा. नव्या ठेकेदारानं एकदा 'होऊन जाईल साहेब' म्हटलं तर साहेब एवढे ओरडले की पलीकडच्या शेतातले लोक धावत आले. "होऊन जाईल न्हाई! झालं का न्हाई, एवढंच बोल!"

काम चालू असतानाच ते निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळ्या वक्त्यांनी जैविक ढवळणीचं कौतुक केलं. साहेब शाल घेऊन खाली मान घालून बसले होते. सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर. आता गाडी नव्हती, म्हणून एसटीनं राजूर आणि तिथून ज्याची मिळेल त्याची मोटारसायकल.

खालच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा उद्घाटन वगैरे झालं नाही. सकाळी नळ फुसफुसले, थोडं लाल पाणी आलं, मग स्वच्छ. कौसाबाईंच्या सुनेनं घागर भरून घेतली आणि आत गेली. साहेब समोरच्या दगडावर बसून बघत होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. कोणी आभारही मानले नाहीत. मला ते योग्यच वाटलं, आणि मला वाटतं साहेबांनाही.

नवं तळं गावापासून लांब, विहिरीच्या विरुद्ध बाजूला झालं. बंदिस्त नालीतून पाणी आत येतं, एका कप्प्यातून दुसऱ्यात जातं आणि शेवटी निवळून शेताकडं सुटतं. भोवती तारेचं कुंपण. जुनी खोलगट जागा मुरूम टाकून बुजवली. पाणी पहिल्यांदा शेवटच्या कप्प्यातून बाहेर पडलं त्या सकाळी आम्ही दोघं काठावर उभे होतो. मला आता साहेबांकडून एखादं वाक्य अपेक्षित होतं. तेवढ्यात लांबून कौसाबाई म्हशी हाकत आल्या. म्हशी कुंपणाशी थांबल्या आणि पलीकडच्या पाण्याकडं बघत राहिल्या.

"हे काय करून ठेवलं?" कौसाबाई कडाडल्या. "जुनं बुजवलं, हितं तार लावली. आता म्हशीनं बसायचं कुठं? तुमच्या मांडीवर?"

साहेबांनी आधी तारेकडं बघितलं, मग म्हशींकडं.

"खरं हाय, बाई," ते म्हणाले. "ते राह्यलंच."

सपाटीकरणाला आणलेला जेसीबी अजून बांधावरच होता. साहेब चालत त्याच्यापाशी गेले, ड्रायव्हरशी काहीतरी बोलले आणि खिशातून डिझेलचे पैसे काढून दिले. निवळलेलं पाणी जिथं बाहेर सुटतं त्याच्या खालच्या अंगाला जेसीबीनं माती उपसायला सुरुवात केली. कौसाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आनखी खोल घ्या. म्हस हाय ती, शेळी न्हाई."

ड्रायव्हरनं यंत्र थांबवून माझ्याकडं बघितलं, कारण सरकारी माणूस आता मी होतो. मी साहेबांकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघून राह्यला?" साहेब म्हणाले. "बाई सांगतील तसं कर."

"अन् उतार हिकडून द्या," कौसाबाई ओरडल्या. "तिकडून पाय घसरंल तिचा."

साहेब चिखलात उतरले आणि काठीनं उताराची रेघ मारायला लागले.